मोठ्या लाकडावर डायचे पट्टे पडतात: कारण, उपाय आणि पडल्यावरची दुरुस्ती

बारा माणसं जेवायला बसतील एवढं टेबल. दहा फूट लांब, चार फूट रुंद, वर सागवानाच्या सहा फळ्या जोडलेल्या. गोव्यात म्हापशाजवळच्या एका जुन्या घरासाठी केलं होतं. रंग अक्रोडी हवा, पण लाकडाच्या रेषा झाकायच्या नाहीत, अशी अट. म्हणून स्टेन, म्हणजे लाकडावर बसणारा कणांचा रंग, न घेता स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय, म्हणजे लाकडात मुरणारा पारदर्शक रंग, घेतला. मे महिना, दुपारचे तीन, खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव, टेबल दोन घोड्यांवर. डाव्या टोकाकडून सुरुवात केली, वीस मिनिटांत उजवं टोक गाठलं, हात धुतले, चहा घेतला. संध्याकाळी बल्ब तिरका धरून बघतो तर टेबलावर चार आडवे पट्टे, घाटावर ओली सतरंजी वाळत घालावी तसे. दुसऱ्या दिवशी घरच्या बाई आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मेस्त, हें कितें?" (मेस्त्री, हे काय?)

बावीस वर्षं पॉलिशचं काम करून ही फजिती. चूक माझीच होती आणि ती नेमकी काय होती हे कळायला मला ते टेबल पूर्ण साफ करून परत रंगवावं लागलं.

चतुर्थी जवळ आली की हाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात. कुणाच्या कपाटाच्या दारावर ढग आलेले असतात, कुणाच्या दिवाणावर पट्टे. चौरंग छान होतो, पाट छान होतो, तोच रंग, तोच माणूस, आणि मोठी फळी आली की बिघडतं. ऐकणारा लगेच म्हणतो, "हात बसला नाही." मला हे पटत नाही. हात बसलेल्या माणसाचेही पट्टे पडतात. छोट्या वस्तूवर पहिली कड सुकायच्या आत शेवटची कड रंगवून होते, एवढाच फरक आहे. मोठ्या पृष्ठभागावर तुम्ही परत येईपर्यंत पहिली कड वाळलेली असते, तिच्यावर रंगाच्या कापडाचा ओला बोळा चढतो आणि तेवढ्या पट्टीत रंग दोनदा बसतो. दुपारी पंख्याखाली स्पिरिटचा डाय मिनिटभरसुद्धा थांबत नाही. मी त्या दिवशी शर्यत लावली होती आणि ती जिंकणं शक्यच नव्हतं.

आधी डाग ओळखा

सगळे डाग एका जातीचे नसतात आणि औषधही एक नाही. सरळ, बोळ्याच्या रुंदीचे, हाताच्या दिशेने गेलेले पट्टे दिसले तर ती सुकलेल्या कडेची करामत. आकार नसलेले ढग, कुठे गडद कुठे फिके, हे लाकडाच्या पिण्याचे. आंब्याच्या लाकडावर हे फार होतं, कारण रेषे वळलेले असतात आणि जिथे रेषा वर तोंड करते तिथे लाकूड जास्त पितं. फळीच्या कापलेल्या टोकाला गडद कड येते तीही त्याच कारणाने: तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. फिके, बोटाच्या ठशासारखे किंवा सांध्यालगत ओघळासारखे डाग म्हणजे गोंद. आपल्याकडे सगळ्याच गोंदाला फेविकॉल म्हणतात, आणि तो ओल्या फडक्याने पुसला म्हणजे गेला असं सगळे समजतात. जात नाही. पातळ होऊन रेषांत शिरतो आणि तिथे रंग बसूच देत नाही.

राहिले निळसर-काळे ठिपके. हे माझ्या डिचोलीच्या कारखान्यात मी स्वतः भोगलेत. बोअरचं पाणी तांबूस, आणि त्याच पाण्यात डाय कालवलेला. पाण्यातलं लोह आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भेटलं की शाईसारखा रंग तयार होतो. जुन्या काळची शाई तशीच करायचे म्हणा, लोह आणि टॅनिन एकत्र करून. लोखंडी डब्यात कालवलेला रंग, स्टील वूलचे अडकलेले कण, गंजलेला खिळा, सगळ्यांचा हिशोब तोच. तेव्हापासून मी डायसाठी बॅटरीत घालायचं पाणी आणतो. गॅरेजमध्ये मिळतं, पाच लिटरचा कॅन, फार महाग नाही. आणि कालवायला प्लॅस्टिकची बादली किंवा काचेची बरणी.

एक गोष्ट मात्र रंगाच्या आधीच मान्य करून टाका. डाय पारदर्शक आहे, तो काही झाकत नाही. पिगमेंटचा, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांचा, स्टेन थोडं झाकून घेतो, कारण त्याचे कण वर आणि छिद्रांत बसतात. डाय लाकडाच्या आत जातो. फणसाची फळी काही महिने उन्हात उभी असेल आणि तिच्यावर दुसरी फळी टेकलेली असेल, तर टेकलेला भाग पिवळा राहतो आणि उघडा भाग तांबूस होतो. त्यावर कितीही चांगला डाय घाला, ती सावली खालून दिसणार. घासून नवं लाकूड काढा, मग रंग.

पाणी मारून बघा

मला कुणी एकच गोष्ट सांग म्हटलं तर मी हीच सांगेन. डायची भुकटी उघडायच्या आदल्या दिवशी साध्या पाण्याने पूर्ण पृष्ठभाग ओला करा. नुसता पुसायचा नाही, चकाकेल इतका ओला. यात तीन कामं होतात. ओल्या लाकडाचा रंग बघून शेवटचा रंग कसा येईल याचा अंदाज येतो. जिथे गोंद आहे तिथे पाणी धरत नाही, फिका ठिपका दिसतो, आणि रंध्याचे, मशीनचे, आडव्या सँडपेपरचे ओरखडे उठून दिसतात. अशा जागा लगेच पेन्सिलने खूण करून ठेवा. तिसरं म्हणजे पाण्याने लाकडाचे रेषे उभे राहतात. ते आज उभे राहिले आणि वाळल्यावर हलक्या हाताने पेपरने उतरवले, तर उद्या पाण्याच्या डायने ते परत तितके उठत नाहीत.

तो टेबलचा दिवस आठवा. मी पाणी मारलंच नव्हतं. स्पिरिटचा डाय आहे, रेषा उठत नाही, मग कशाला पाणी, असा माझा हिशोब. रेषा खरंच उठली नाही. पण एका सांध्यालगत गोंदाचा ओघळ होता, तो पट्ट्यांबरोबर फुकट मिळाला.

घासताना एक छोटी युक्ती आहे. १२० नंबरच्या पेपरने झालं, १५० ने झालं (नंबर मोठा तितका पेपर बारीक) असं अंदाजाने म्हणू नका. फळीवर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढा, अख्ख्या फळीवर, हलक्या हाताने. रेघा सगळीकडून जाईपर्यंत घासा. मग पुढचा नंबर, परत रेघा. मध्यावर हात जास्त चालतो आणि कडेला कमी, हे डोळ्याला दिसत नाही, पेन्सिलीला दिसतं. शेवटचा नंबर १८० किंवा २२०, पण सगळीकडे एकच. अर्धी फळी १८० ने आणि अर्धी २२० ने घासली की दोन रंग येतील, आणि तुम्ही रंगवाल्याला दोष द्याल. घिसलेला पेपरही तसाच: तो कापत नाही, लाकूड चकचकीत करतो, आणि चकचकीत लाकूड रंग पीत नाही. पेपर वाचवायला जाऊ नका. शेवटचा हात मशीनचा नको, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून रेषांच्या दिशेने हाताने मारा. फळीची कापलेली टोकं मात्र एक पायरी पुढे, ३२० पर्यंत, म्हणजे ती कमी पितील.

सागवानाला तेलकटपणा असतो. नवं घासलं की थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर फार वेळ न घालवता रंग लावा, नाहीतर तेल परत वर येतं.

गडदपणा बाटलीत ठरवा, हातात नाही

बहुतेक जण कमी रंग घेऊन बोळ्याने चोळतात. जिथे जास्त चोळलं तिथे गडद, जिथे कमी तिथे फिकं. म्हणजे रंगाची गडदपणाची चावी हातात ठेवली. हात दहा फूट एकसारखा चालत नाही, कुणाचाच नाही. त्याऐवजी रंग पातळ करा आणि लाकडाला इतका द्या की त्याला आणखी पिताच येणार नाही. मग सगळीकडे एकसारखंच बसतं, कारण जेवढं प्यायचं तेवढं लाकडाने प्यायलेलं असतं. वरचं उरलेलं पुसून टाकायचं. गडद हवा असेल तर डाय दाट करा, हाताचा जोर वाढवू नका.

म्हणून मोठ्या कामाला मी आता पाण्यात विरघळणारा डायच घेतो. स्पिरिटपेक्षा तो कितीतरी सावकाश सुकतो, आणि मोठ्या फळीवर तुम्हाला हवा असतो तो वेळ. भुकटी एका लिटर गरम पाण्यात साधारण १५ ग्रॅम, तीही आधी थोड्या पाण्यात गंध करून मग बाकीच्यात. रात्रभर ठेवा, सकाळी मलमलच्या तिहेरी फडक्यातून गाळा. न विरघळलेला एक दाणा फळीवर आला की ठिपका पडून शेपूट काढतो. मग हे द्रावण आणखी तितकंच पाणी घालून अर्ध्या ताकदीचं करा आणि एकाऐवजी दोन हात द्या. दाट रंगात चूक लगेच दिसते, पातळ रंगातली चूक दुसऱ्या हातात झाकली जाते. दहा फुटी टेबलाला दोन लिटर तयार ठेवा. उरला तर उरू दे, पण मध्येच संपून परत कालवला तर तो रंग आधीच्याशी जुळेलच असं नाही.

नमुना करायला आळस नको. त्याच लाकडाचा तुकडा, तसाच घासलेला, वर सीलर (पॉलिशच्या आधीचा, लाकूड बंद करणारा हात) आणि पॉलिशसकट. कोरडा डाय राखेसारखा मरगळलेला दिसतो, त्याला घाबरून कुणी आणखी गडद करायला गेला की पॉलिश चढल्यावर काळंकुट्ट होतं.

ढग येणाऱ्या लाकडाला, म्हणजे आंबा, रबरवुड, डायच्या आधी चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, अगदी पातळ हात द्या. एका लिटर स्पिरिटला ६० ग्रॅमच्या आसपास चपडा, त्यापेक्षा जास्त नको. तो वाळला की ३२० ने नुसता स्पर्श. लाकडाची तहान थोडी भागलेली राहते आणि पिणं सारखं होतं. पण यावर स्पिरिटचा डाय लावू नका, चपडा विरघळून सगळं चिकट होईल. पाण्याचाच डाय. आणि वर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) चढवणार असाल तर चपडा मेणविरहित घ्या.

लावायची वेळ

सकाळी सात. पंखा बंद, खिडक्या बंद, टेबल सावलीत आणि रात्रभर तिथेच, म्हणजे लाकूड गरम नाही. दोन माणसं. हे टेबल एकट्याने करायचं काम नाही, हे मला दुसऱ्या वेळी मान्य करावं लागलं. भाचा आला मदतीला.

एकाच्या हातात रुंद स्पंज, गाडी धुतात तसला. दुसऱ्याच्या हातात जुन्या धोतराची फडकी, दोन-तीन वेळा धुतलेली, धागे न सोडणारी. पहिल्याने स्पंज डायमध्ये बुडवून फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रेषांच्या दिशेने, सलग जायचं. मध्ये थांबायचं नाही. वीतभर रुंदीची पट्टी झाली की लगेच पुढची, आधीच्या ओल्या कडेवर दोन बोटं चढवून. मी पहिल्यांदा रुंदीच्या दिशेने, आडवा, पट्ट्यापट्ट्याने गेलो होतो. दहा फुटांच्या टेबलाला चार फुटांच्या अशा पंचवीस-तीस कडा झाल्या, आणि त्यातल्या प्रत्येक कडेला वाळायला संधी. लांबीने गेलो की कडा मोजून पाच-सहा.

अख्खं टेबल ओलं झालं की लगेच पुसायला धावू नका. दोन-तीन मिनिटं ओलं ठेवा. जिथे प्यायलं आणि निस्तेज दिसलं तिथे आणखी रंग द्या. आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, प्रकाशाकडे तोंड करून, आणि भाचा सारखा म्हणत होता, "मामा, तुमच्या बाजूला सुकतंय." अशी नजर पाहिजे. पूर्ण फळी एकसारखी चमकते तो क्षण आला की दोघांनी मिळून लांबीने पुसायचं, शेवटचा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न उचलता. फडकं भरलं की बदला, नाहीतर ते पुसण्याऐवजी रंग लावायला लागतं.

इतकं करूनही एका दमात होणार नसेल, म्हणजे भिंतभर पॅनेल किंवा देवळातल्या मखराची मोठी चौकट, तर थांबायची जागा आधी ठरवा. फळीच्या सांध्यावर थांबा, कोपऱ्यावर थांबा, पण फळीच्या मध्ये नको. सांध्यावरचा फरक डोळा लाकडाचाच फरक समजतो.

दार उभंच रंगवायचं असेल तर खालून वर जा. हे ऐकून माणसं हसतात. वरून खाली गेलात की ओघळ कोरड्या लाकडावर येतो, वाळतो, आणि तिथे कायमची रेघ राहते. खालून वर गेलात की ओघळ आधीच ओल्या भागावर येतो, पुसला की गेला. दिलाहाच्या दारात आधी आतला दिलाहा, म्हणजे चौकटीत बसवलेली फळी, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या, आणि प्रत्येक वेळी सांध्याच्या रेषेवर थांबायचं.

स्प्रे गन असेल तर मोठ्या कामाला ती चांगली, पण पद्धत उलटी. तिथे भिजवायचं नाही. धुक्यासारखे पातळ हात, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्या भागावर, आणि चार-पाच फेऱ्यांत रंग चढवायचा. पुसायचं नाही. कोरीवकामाच्या कोपऱ्यात हवा उलटी फिरते आणि आत फिकं राहतं, तिथे ब्रशने आधी हात द्या.

आणि पश्चिमेकडच्या बाहेरच्या दाराला, बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, कठड्याला डाय लावूच नका. उन्हात डाय उडतो. तिथे पिगमेंटचा स्टेन.

पट्टे पडलेच तर

फिक्या भागावर ब्रशने रंग भरायचा मोह होतो. करू नका. तो भाग शेजाऱ्याहून गडद होतो, मग शेजारी भरावा लागतो, आणि शेवटी सगळं टेबल शिसवी होऊन बसतं. अजून सीलर लागलं नसेल तर डाय सुटतो. पाण्याच्या डायला साधं पाणी, स्पिरिटच्या डायला स्पिरिट, पूर्ण पृष्ठभागावर भरपूर, आणि पांढऱ्या नायलॉनच्या घासणीने रेषांच्या दिशेने घासा. गडद पट्ट्यातला रंग थोडा वर येतो, पसरतो, उरलेला पुसला जातो. वाळल्यावर अर्ध्या ताकदीचा डाय पूर्ण फळीवर एकदा. निम्म्याहून जास्त कामं एवढ्यात सुटतात.

माझं टेबल सुटलं नाही. गोंदाचा डाग होता, त्यामुळे रंग काढावाच लागला. साध्या ब्लीचने, म्हणजे कपड्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटने, बहुतेक डायचा रंग जातो. पिगमेंटचा जात नाही. ताजी बाटली, रबरी हातमोजे, उघडी हवा, दोनदा लावून मग भरपूर पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवलं. मग गोंदाची जागा खरवडून सगळं परत १८० ने. काळे लोहाचे ठिपके असतील तर ब्लीच उपयोगाचं नाही, त्याला ऑक्झॅलिक अॅसिड. हे विषारी आहे, त्याची भुकटी उडून नाकात जाता कामा नये, आणि ब्लीच लावलेल्या लाकडावर, न धुता, ते कधीच घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. फिनाइल, अमोनियाच्या बाटल्याही तिथून लांब ठेवा.

वर सीलर चढल्यावर पट्टे दिसले तर घासून काढणं हा राजमार्ग. पळवाट एक आहे: सीलरमध्येच थेंबभर डाय मिसळून स्प्रेने फिक्या पट्ट्यांवर पातळ धुकं सोडायचं. हात असेल तर जमतं. ब्रशने हे होत नाही, करून बघू नका.

सीलरचा पहिला हात हाही पट्टे आणणारा आहे. स्पिरिटच्या डायवर फ्रेंच पॉलिशचा, म्हणजे स्पिरिटमधल्या चपड्याचा, बोळा फिरवला की डाय परत विरघळून बोळ्याबरोबर चालायला लागतो. पाण्याच्या डायवर फ्रेंच पॉलिश चालतं, पाण्याच्या पॉलिशचा ब्रश नको. कुठल्याही डायवर पहिला हात स्प्रेने पातळ द्यावा, म्हणजे काही हलत नाही.

पावसाळ्यात धीर धरा. जुलैत फोंड्याला किंवा वाळपईला पाण्याचा डाय हाताला कोरडा लागतो, पण आत ओल असते. त्यावर सीलर मारलं की वर पांढरं धुकं येतं, आणि लोक म्हणतात पॉलिश खराब निघालं. दोन दिवस, वर एखादा बल्ब किंवा डीह्युमिडिफायर चालू ठेवून, मग सीलर. चतुर्थीच्या आठ दिवस आधी कुणी मोठं टेबल घेऊन आलं तर मी आता सरळ सांगतो, "पात्रांव (मालक), चतुर्थीनंतर."

त्या बाईंनी टेबल सहा आठवड्यांनी नेलं. पैसे ठरलेलेच दिले, एक रुपया जास्त नाही, आणि ते बरोबरच होतं.